गाडी तापली की करंट जातो : बाबांची पद्मिनी घरी दुरुस्त करता येईल का?

रानजाई

नमस्कार मंडळी. बाबांची १९८८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. घरात तिला सगळे फियाटच म्हणतात. स्टिअरिंगला गिअर असलेली, करड्या रंगाची. बाबा आता ७६ वर्षांचे आहेत. गाडी स्वतः फारशी चालवत नाहीत, पण रविवारी साताऱ्यातून यवतेश्वरला जाऊन येणं हा त्यांचा नेम आहे आणि तो मोडलेला त्यांना चालत नाही.

गेले सहा महिने तो मोडतोय. सकाळी गाडी एका सेल्फला चालू होते. गावात फिरवली तर काही तक्रार नाही. घाट चढायला लागलं की पंधरा-वीस मिनिटांत मिसिंग सुरू होतं, दोन-तीन झटके देते आणि बंद. मग कितीही सेल्फ मारा, नुसतं फिरतं. बॉनेट उघडून अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी चालू होते.

आतापर्यंत केलेलं काम : कार्बोरेटर साफ, पेट्रोल पंपाचं किट नवीन, चारही प्लग नवीन, आणि पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडत-तोडत राहणारे बारके संपर्क, ते तर सहा महिन्यांत तीनदा बदलले. दर वेळी जुने पॉइंट काळे पडलेले, जळालेले निघतात. दोन गॅरेज झाली. दुसरीकडे आता इंजिन खोलावं लागेल म्हणाले. बाबा खोलू देणार नाहीत आणि मलाही ते पटत नाही.

माझ्याकडे शनिवार-रविवार आहे, मल्टिमीटर आहे, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्या) आहे आणि शिकायची तयारी आहे. घरी करण्यासारखं हे काम आहे का? असेल तर सुरुवात कुठून करू?

घाटवळण

पेट्रोलच्या नळीत वाफ धरत असणार. जुन्या गाड्यांचा हा ठरलेला आजार. आमचे काका आंबेनळी घाटात पंपावर ओलं फडकं टाकायचे, दहा मिनिटांत गाडी चालू. तुम्हीही एक फडकं आणि पाण्याची बाटली ठेवून बघा. इंजिन अजिबात खोलू देऊ नका.

कंदील

कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शोषणारा भाग) बदला. पॉइंट जळतात म्हणजे कंडेन्सरच.

पान्हे_पक्कड

रानजाई ताई, काम घरी होण्यासारखं आहे. माझ्या वडिलांचं शिवापूरला गॅरेज होतं. फियाट आणि अँबेसिडरच्या बॉनेटखाली डोकं घालूनच मी मोठा झालो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी काहीही विकत आणू नका. वाफ धरली की करंट गेला, एवढं एकच आधी ठरवायचं. आणि ते घरी अंगणात ठरणार नाही. गाडी जिथे बंद पडते तिथेच, बंद पडल्याच्या पहिल्या पाच मिनिटांत ठरेल. दोन तपासण्या सांगतो.

पहिली पेट्रोलची. एअर क्लीनरचं झाकण काढा, कार्बोरेटरच्या घशात बघा आणि हाताने थ्रॉटल झटकन उघडा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली तर कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल आहे. हे करताना जवळ ठिणगी, विडी-सिगारेट काही नको, आणि सेल्फ कुणी मारायचा नाही. नंतर एअर क्लीनर परत बसवा.

दुसरी करंटची. डिस्ट्रिब्युटरच्या (चारही प्लगना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाच्या) कॅपच्या मधल्या भोकात कॉइलकडून (१२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करणाऱ्या भागाकडून) जी जाड वायर येते ती उपसा, तिचं टोक इंजिनच्या उघड्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर लाकडी चिमट्यात धरून ठेवा आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. टोक कार्बोरेटरपासून जितकं लांब ठेवता येईल तितकं ठेवा. निळी-पांढरी, चटचट आवाज करणारी ठिणगी पडली तर कॉइल काम करतेय. पिवळट-नारिंगी, बारीक ठिणगी म्हणजे करंट अशक्त. काहीच नाही, तर मग पुढचं बघू.

कंदील, तुमचा अंदाज चुकीचा असेलच असं नाही. पण सहा महिने ताई अंदाजानेच पार्ट बदलत आल्यात.

कंदील

मान्य. पण कंडेन्सर स्वस्तातली वस्तू आहे, बदलून बघायला काय हरकत? आमच्या स्कूटरचे पॉइंट असेच जळायचे, कंडेन्सर बदलल्यावर थांबले.

अबोली

तपासण्या करा, पण एक कळकळीची विनंती आहे. हाय टेन्शनची वायर हातात धरू नका. कॉइलमधून पंधरा-वीस हजार व्होल्ट सहज येतात. माझ्या मामाने तरुणपणी ‘काही होत नाही’ म्हणून वायर बोटांत धरली होती. शॉकने फार इजा केली नाही, पण दचकून हात मागे ओढला तो सरळ पंख्यात. दोन बोटांना टाके पडले. पन्नाशी उलटली तरी ती बोटं पूर्ण वळत नाहीत.

ओढणी, सैल बाही, बांगड्या, गळ्यातली साखळी, सगळं काढून ठेवा. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. आणि बाबांना किंवा जवळ उभ्या असणाऱ्या कुणालाही पेसमेकर असेल तर त्यांना चालू इंजिनच्या इग्निशनजवळ येऊ देऊ नका.

रानजाई

अबोली, धन्यवाद. बाबांना पेसमेकर नाही, पण बाकीचं सगळं पाळते. पान्हे_पक्कड दादा, रविवारी घाटात जाऊन दोन्ही तपासते. घाटवळण, ओलं फडकंही नेते.

डेटनकर

मी अमेरिकेत ओहायोतल्या डेटनला राहतो, म्हणून या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही ज्या रचनेशी झगडताय तिचा जन्म याच गावातला. बॅटरी, कॉइल, पॉइंट आणि डिस्ट्रिब्युटर या जोडणीला आजही केटरिंग इग्निशन म्हणतात. चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स या दोघांनी डीड्स यांच्या घरामागच्या कोठारात काम करून ती गाडीसाठी सिद्ध केली. १९०९ मध्ये त्यांनी ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ काढली आणि १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांवर ही इग्निशन बसली. दोन वर्षांनी, १९१२ च्या कॅडिलॅकवर, त्यांचाच इलेक्ट्रिक सेल्फ आला. आमच्या शेजारच्या उपनगराचं नावच केटरिंग आहे.

त्या कंपनीच्या नावाची आद्याक्षरं जोडली की ‘डेल्को’ होतं.

पान्हे_पक्कड

डेटनकर, अंगावर काटा आला! वडील आयुष्यभर डिस्ट्रिब्युटरला ‘डेल्को’ म्हणायचे. ‘डेल्को खोल’, ‘डेल्को जरा फिरव’. त्यांचे उस्तादही तेच म्हणायचे. मला वाटायचं हा आपल्याकडच्या मिस्त्री लोकांचा शब्द आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या कंपनीचं नाव शिवापूरच्या गॅरेजात पोचलं होतं तर. वडील असते तर आज त्यांना फोन करून सांगितलं असतं.

काळीपिवळी

अवांतर आहे, पण पद्मिनीचा धागा आणि मी गप्प बसू? माझ्या वडिलांनी मुंबईत २६ वर्षं पद्मिनी टॅक्सी चालवली. गाडी कुर्ल्यात बनायची, आम्ही राहायचो चेंबूरला. पावसाळ्यात ते डिक्कीत कोरडं फडकं, जादा कंडेन्सर, पॉइंटचा जोड आणि काचपेपरचा तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचे. हिंदमाताला पाणी भरलं, गाडी बंद पडली की कॅप काढून आतून पुसायची, परत लावायची, पुढे निघायचं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, त्या दिवशी वडील जेवले नाहीत.

रानजाई ताई, गाडी विकू नका.

रानजाई

रविवारचा अहवाल.

तिसऱ्या मोठ्या वळणानंतर बंद पडली. घड्याळ लावलं होतं, निघाल्यापासून १८ मिनिटं. लगेच कार्बोरेटरमध्ये बघितलं. थ्रॉटल उघडताच पिचकारी स्वच्छ दिसली. घाटवळण, ओलं फडकंही टाकलं पंपावर, काही फरक नाही.

मग करंट. बाबा आत बसले, मी कपड्याच्या लाकडी चिमट्यात वायर धरली. पाच मिलिमीटरवर काहीच नाही. तीनवर आणल्यावर एखादी नारिंगी, केसासारखी ठिणगी, तीही मध्येच गायब. अर्धा तास थांबून परत तेच केलं तर निळी, टणटणीत, सहा मिलिमीटर ओलांडणारी. बाबांना आवाज आतपर्यंत ऐकू आला.

म्हणजे पेट्रोल सुटलं, करंट सापडला. घरी येऊन कंदील यांच्या सांगण्याप्रमाणे कंडेन्सर नवीन बसवला. आज परत गेले होते. १९ मिनिटं. बंद.

जुने पॉइंट टेबलावर भिंगाखाली बघतेय. एका बाजूला टेकडीसारखा उंचवटा आलाय, दुसरीकडे त्याच मापाचा खड्डा. कडेने निळसर काळी झाक. हे फक्त सात आठवडे चाललेले पॉइंट आहेत.

कंदील

माझा अंदाज चुकला, ताई. पण आता कंडेन्सर नवीन आहे हे नक्की, म्हणजे एक शंका कमी झाली.

सह्याद्रीकर

कॅप आणि तिच्या आत फिरणारा रोटर बघितलेत का? कॅपला केसासारखी चीर असते, उजेडात दिसत नाही. रात्री पूर्ण अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि नुसतं बघत उभं राहा. करंट जिथून पळतो तिथे निळ्या रेघा नाचताना दिसतात. मी एकदा माझ्या गाडीत असंच बघितलं, दोन आणि तीन नंबरच्या वायरी एकमेकींना टेकत होत्या तिथे काजवे चमकावेत तसं चमकत होतं. वायरी बदलल्या, मिसिंग गेलं.

पान्हे_पक्कड

सह्याद्रीकरांची युक्ती चांगलीच आहे. पण ताईंनी ठिणगी बघितली ती कॉइलच्या वायरीची, कॅपच्या आधीची. तिथेच करंट अशक्त असेल तर कॅप, रोटर, प्लगच्या वायरी यांचा संबंध येत नाही. दोष कॉइल, पॉइंट, कंडेन्सर किंवा किल्लीच्या स्विचपासून येणारी वायर, या चारांतच आहे. पॉइंट आणि कंडेन्सर नवीन झाले. उरले दोन.

इलेक्ट्रॉनिक_मी

एवढा खटाटोप कशाला? पॉइंट काढून टाका, त्या जागी इलेक्ट्रॉनिक किट बसवा. आत एक चुंबकाची कडी आणि एक सेन्सर, झिजायला काही नाही. ३,००० आरपीएमला चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला शंभर ठिणग्या मागतं. म्हणजे पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात आणि मिटतात. १९१० साली ते ठीक होतं. माझ्या जुन्या जीपला किट बसवून नऊ वर्षं झाली, कॅप उघडलेली नाही.

पान्हे_पक्कड

किटला माझा विरोध नाही, पण या ठिकाणी घाई नको. कारण न शोधता किट बसवलं आणि दोष कॉइलमध्ये किंवा वायरीत असला तर आत्ता पॉइंट जळतात, मग किट जळेल. शिवाय पॉइंट जळाले तर घाटात काचपेपरने घासून घरी येता येतं. किट गेलं की टोईंगच.

इलेक्ट्रॉनिक_मी

त्यासाठी जुने पॉइंट-कंडेन्सर डिक्कीत ठेवायचे. दहा मिनिटांत परत बसतात. पण आधी कारण शोधा, हे मान्य.

नवीगाडी_पुणे

थोडं बाजूचं विचारतो. माझी गाडी २०१८ ची, तीन सिलिंडर पेट्रोल. तिच्यात डिस्ट्रिब्युटरच नाही, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसते. इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकतो आणि गाडी थरथरते. असल्या गाडीत घरी काही करता येतं का?

वॅटमीटर

येतं. ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) लावून कोड वाचा. पी०३०१ आला तर पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पी०३०२ आला तर दुसऱ्यात. आता इंजिन बंद आणि थंड असताना पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर बसवा. कोड पुसा, चालवून परत वाचा. पी०३०१ जाऊन पी०३०२ आला तर कॉइल खराब. कोड जागचा हलला नाही तर तशीच प्लगची अदलाबदल करा. तरीही हलला नाही तर इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन, मग गॅरेज. एक रुपया खर्च न करता एवढं कळतं.

पण दिवा लुकलुकत असताना गाडी पळवू नका. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि तो बाद होतो. प्लग-कॉइलपेक्षा तो कितीतरी महाग पडतो. आणि या गाड्यांत वायर उपसून ठिणगी बघण्याचा प्रयोग करू नका, इसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, धोका असतो. तो प्रयोग रानजाईंच्या गाडीसारख्या जुन्या गाडीपुरताच.

आता मूळ प्रश्नाकडे. रानजाई, तुमच्या कॉइलचा प्रायमरी (आतल्या कमी व्होल्टेजच्या वेटोळ्याचा) रेझिस्टन्स किती आहे? मीटर आहे म्हणालात. कॉइलच्या दोन्ही बारक्या वायरी काढा आणि त्या दोन टर्मिनलमध्ये मोजा. आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून काय आकडा येतो तो बघा, तो वजा करायचा. मग मधल्या जाड भोकातलं टर्मिनल आणि एक बारकं टर्मिनल यांच्यात मोजा, ती सेकंडरी, म्हणजे जास्त व्होल्टेजचं वेटोळं. हे सगळं गाडी थंड असताना एकदा, आणि घाटात बंद पडल्यावर लगेच एकदा.

आणि कॉइलवर काय छापलंय तेही वाचा.

रानजाई

वॅटमीटर, थंड असतानाचे आकडे देते. पिना टेकवून ०.३. प्रायमरी १.८, म्हणजे खरी १.५ ओहम. सेकंडरी ७.६ किलोओहम. हे बरोबर आहे का?

कॉइलवर काय छापलंय ते दिसत नाहीये, तेलाचा आणि धुळीचा जाड थर आहे. रॉकेल आणून घासते.

पान्हे_पक्कड

दीड ओहम?? ताई, मीटर परत तपासा. या गाडीची कॉइल तीनच्या आसपास हवी.

रानजाई

मीटरचा सेल बदलला, तीनदा मोजलं. दीडच.

आणि अक्षरं दिसली. चिंधी रॉकेलमध्ये भिजवून पंधरा मिनिटं घासली, आधी एक ‘१२ व्ही’ वर आलं आणि त्याच्या खाली इंग्रजीत एक ओळ. ‘यूज विथ एक्स्टर्नल रेझिस्टर’. म्हणजे काय?

वॅटमीटर

म्हणजे चोर सापडला. नीट सांगतो.

कॉइल दोन प्रकारच्या असतात. एक सुमारे तीन ओहमची, तिला किल्लीतून आलेले १२ व्होल्ट थेट द्यायचे. दुसरी दीड ओहमची, तिच्या वाटेत आणखी सुमारे दीड ओहमचा रेझिस्टर बाहेरून जोडायचा असतो, त्याला बॅलास्ट म्हणतात. सेल्फ मारताना तो बाजूला सारून कॉइलला पूर्ण व्होल्टेज देतात म्हणजे सुरुवात जोरदार होते, आणि गाडी चालू झाली की तो परत वाटेत येतो. बाहेरून दोन्ही कॉइल सारख्या दिसतात. ती एक ओळ हाच काय तो फरक.

तुमच्या गाडीत किल्लीकडून येणारी वायर थेट कॉइलला आलीय का? वाटेत चिनी मातीचा पांढरा ठोकळा दिसतो का? नसेल तर हिशोब करा. १२ भागिले ३, चार अँपिअर. १२ भागिले दीड, आठ अँपिअर. पॉइंट मिटलेले असताना त्यांच्यातून दुप्पट करंट जातोय. ते जळणार नाहीत तर काय होईल? कॉइलमधली उष्णताही ४८ वॅटऐवजी ९६ वॅट. घाटात गाडी हळू चढते, आरपीएम कमी, पॉइंट प्रत्येक वेळी जास्त वेळ मिटलेले राहतात आणि कॉइलमधून करंट पूर्ण भरून वाहतो. वर इंजिनची धग. अठरा मिनिटांत ती भाजून निघते.

सकाळी एका सेल्फला का चालू होते तेही यातच आलं. थंड असताना या कॉइलची ठिणगी गरजेपेक्षा दणकट पडते.

रानजाई

ठोकळा नाहीये. वायर थेट आलीय.

आता आठवलं. गेल्या गणपतीत गाडी रस्त्यात बंद पडली होती तेव्हा एका दुकानात कॉइल बदलून घेतली होती. बाबांनी त्यांच्या वहीत लिहूनही ठेवलंय, ‘कॉइल नवी’. त्याच्या दीड महिन्यानंतर पॉइंट बदलल्याची पहिली नोंद आहे. मी सगळीकडे ‘कॉइल नवीन आहे’ असंच सांगत होते, त्यामुळे कुणीच तिच्याकडे वळून बघितलं नाही.

कंदील

वही! बाबांना माझा नमस्कार सांगा.

वॅटमीटर

एक काळजी घ्या. तपासण्या करताना किल्ली ऑन ठेवून गप्पा मारत बसू नका. इंजिन पॉइंट मिटलेल्या जागी थांबलं असेल तर कॉइलमधून सतत करंट वाहत राहतो, चांगली कॉइलसुद्धा दहा-पंधरा मिनिटांत चटका बसेल इतकी तापते.

काळीपिवळी

तीन ओहमवाली कॉइल पुण्यात नाना पेठेत मिळेल. नाहीतर मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूला विचारा. दुकानातच मीटर लावून बघा, नुसतं ‘फियाटची द्या’ म्हणू नका.

रानजाई

मंडळी, उशीर झाला लिहायला, पण सगळं नीट करूनच लिहायचं ठरवलं होतं.

आधी एक तपासणी राहिली होती ती केली. जुन्या कॉइलवरच परत घाटात गेले, बंद पडल्यावर जाड हातमोजा घालून तिच्या वायरी काढल्या आणि मोजलं. हात लावणं शक्य नव्हतं इतकी गरम. प्रायमरी जवळजवळ तेवढीच, पण सेकंडरीचा आकडा सुरुवातीला सैरावैरा पळत होता आणि मग मीटरने सर्किट तुटल्याचं दाखवलं. पंचवीस मिनिटांनी परत ७ च्या पुढे स्थिर. आतली तार तापल्यावर कुठेतरी सुटते आणि निवली की टेकते.

नाना पेठेतून चुलतभावाने कॉइल आणली. दुकानात मोजून, ३.१ ओहम. मग शनिवारी सकाळी बसले. पान्हे_पक्कड दादांनी मेसेज करून जे जे सांगितलं ते तसंच केलं, इतरांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

पॉइंट नवीन. पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या कॅमच्या टोकावर, म्हणजे पॉइंट सर्वांत जास्त उघडलेले असताना, फीलर गेजने गाळा, म्हणजे पॉइंटमधली फट, १६ ते १८ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), सुमारे ०.४ ते ०.४५ मिलिमीटर. पाती अलगद, थोडी अडून सरकली पाहिजे, ओढावी लागता कामा नये. गेजला तेल होतं ते आधी पुसलं, नाहीतर पॉइंटवर तेल लागून पुन्हा जळतात. कॅमवर बोटाच्या टोकाएवढं ग्रीस, जास्त नाही.

गाळा बदलला की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, बदलतं हे मला माहीतच नव्हतं. गाळा वाढला की पॉइंट लवकर उघडतात, कमी झाला की उशिरा. म्हणून टायमिंग परत लावलं. चारही प्लग काढून एक नंबरच्या भोकावर बाबांनी अंगठा ठेवला, मी टॉप गिअर टाकून गाडी तसूतसूने पुढे ढकलली. अंगठा हवेने उचलला गेला तसे बाबा ओरडले. मग पुलीवरची खूण जुळवली. रोटर एक नंबरच्या वायरीकडे बघत होता. १२ व्होल्टचा बारका बल्ब डिस्ट्रिब्युटरच्या टर्मिनलला आणि अर्थला जोडला, किल्ली ऑन केली, क्लँप सैल करून डिस्ट्रिब्युटर आधी रोटरच्या दिशेने जरा पुढे नेला, बल्ब विझला. मग उलट दिशेने केसभर केसभर फिरवत आणला. एका जागी बल्ब लागला. तिथेच क्लँप कसला. त्या जागी पॉइंट उघडले, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ तीच. मी तो बल्ब लागताना तीनदा परत करून बघितलं, गरज नसताना.

वायरी १-३-४-२ या क्रमाने. प्लग आधी हातानेच शेवटपर्यंत फिरवले, मग नवीन वॉशर दबेपर्यंत पान्याने अर्धा वेढा. हेड अॅल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर दुप्पट काम.

काल बाबांना घेऊन यवतेश्वर, आणि न थांबता पुढे कासपर्यंत. परत येईपर्यंत सव्वा दोन तास. कुठेही मिसिंग नाही. उतरल्यावर कॉइलला हात लावला, गरम होती, पण हात ठेवता आला.

पान्हे_पक्कड

शाब्बास ताई. पाचशे किलोमीटरनंतर एकदा गाळा परत बघा. नवीन पॉइंटची टाच (कॅमवर घासणारा भाग) सुरुवातीला झिजते, गाळा कमी होतो आणि टायमिंग मागे जातं.

घाटवळण

कासपर्यंत गेलात म्हणजे झालंच. माझं फडकं आता काच पुसायला वापरा. वाचनखूण साठवली आहे.

अबोली

फार बरं वाटलं वाचून. हातमोजा घातलात हे वाचून तर जास्तच.

नवीगाडी_पुणे

वॅटमीटर, कॉइलची अदलाबदल केली. कोड पी०३०१ चा पी०३०२ झाला. एकच कॉइल बदलली, दिवा गेला. बाकी दोनही बदलायला हव्यात का?

वॅटमीटर

चांगल्या चालताहेत तोवर नको. प्लग मात्र किती किलोमीटर झालेत ते बघा. गाळा वाढलेला प्लग कॉइलकडून जास्त व्होल्टेज मागतो, त्यानेही कॉइल लवकर जाते.

जुनाट_जीप

उशिरा आलो धाग्यावर. रानजाई, ती दीड ओहमची कॉइल रेझिस्टर जोडून वापरता आली असती ना?

रानजाई

चांगली असती तर हो, वॅटमीटर यांनीही तेच सांगितलं होतं. पण ती तापल्यावर तुटते हे मीटरवर दिसलं होतं, म्हणून नाही वापरली. कुणाच्या हाती चुकून लागू नये म्हणून बाबांनी तिच्यावर पांढऱ्या रंगाने ‘खराब’ लिहिलंय आणि माळ्यावर ठेवलीय. वहीतही नोंद केली आहे, ‘कॉइल नवी, ३.१ ओहम, मुलीने बसवली’.

काळीपिवळी

ती नोंद वडिलांना वाचून दाखवली. त्यांचा प्रश्न आहे : पद्मिनीत डिक्कीत कोरडं फडकं ठेवलंय की नाही? पाऊस तोंडावर आलाय.

रानजाई

ठेवलंय. फडकं, कंडेन्सर, पॉइंटचा जोड आणि काचपेपर. प्लास्टिकच्या पिशवीतच.